अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आणि पोत्याचे वजन

पाहणारा कोणी नसताना वस्तू असते काय? बर्कलेने 1710 साली उत्तर दिले की, कोणाच्या तरी, निदान ईश्वराच्या, ज्ञानात असल्याखेरीज वस्तूला अस्तित्व नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचा कसून ऊहापोह झाला तो अमळनेरला. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले; अद्वैत वेदान्त हा त्याचा मुख्य विषय. जग मिथ्या ठरविणाऱ्या विद्येला आश्रय मिळावा तो गिरणीवाल्याचा, याची आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना गंमत वाटते. परंतु थट्टेने युक्तिवाद खोडला जात नाही. 1933 साली मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' हा ग्रंथ लिहिला, तो एकमेकांची री ओढण्यासाठी नव्हे.

आमच्या बहुतेक सोबत्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. विज्ञानवादी बौद्धांशी वाद घालताना खुद्द शंकराचार्य बाह्य वस्तूच्या बाजूने उभे राहतात. माणसाला खांब दिसतो तो ज्ञानाचा विषय म्हणून. ज्ञानालाच कोणी खांब समजत नाही, असा ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांचा रोख आहे. तेव्हा मिथ्या याचा अर्थ मनःकल्पित असा नव्हे. व्यवहारात खरे, परंतु अंतिम सत्य नव्हे, असा आहे.

तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोते घेणाऱ्या माथाड्याला यातला पूर्वार्ध समजावून द्यावा लागत नाही. आमचे भांडण आहे ते 'अंतिम' या शब्दाशी. त्या एका शब्दाने भूक, मजुरी, पोत्याचा भार, सारे खालच्या पायरीवर बसविले जाते. ही पायरी ठरविली कोणी, असे आम्ही वेदान्ताच्या अभ्यासकांना विचारीत आलो आहोत.