आत झुकणारे पाऊल

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या समुद्रावर गेलात, तर कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या ओल्या, घट्ट वाळूत पावलांचे ठसे दिसतील. काही ठसे मधोमध निमुळते असतात. टाच आणि चवडा यांना जोडणारी बारीक पट्टीच काय ती उमटते. काही मात्र अख्खे, भाकरीसारखे भरलेले. बुटांच्या मोठ्या दुकानांत पाय ओला करून कागदावर ठेवायला सांगतात आणि त्याला ‘वेट टेस्ट’ म्हणतात. आमच्याकडे हे काम समुद्र दिवसातून दोनदा फुकट करतो.

हे आठवायचे कारण आमच्या जवळच्या कोळीवाड्यातला एक मुलगा. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे पुळणीवर धावायचा. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, आणि तिथे दोन-चार सेकंदांनी गुण जातात. त्याची नडगी दुखू लागली, म्हणून तो मुंबईला एका दुकानात गेला. तिथे त्याला फिरत्या पट्ट्यावर पळवले, मागून चित्रण केले आणि सांगितले, की तुझे पाऊल आत झुकते, तुला ‘ओव्हरप्रोनेशन’ आहे, तुला ‘मोशन कंट्रोल’चेच बूट लागतील. किंमत दहा हजारांच्या पुढे. घरी वडिलांच्या होडीचे इंजिन दुरुस्तीला आलेले. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, माझ्या पायात खोट आहे का हो?”

पैशाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. कारण पायातली ही ‘खोट’ कुणी आणि केव्हा शोधली, याला एक इतिहास आहे.

पाऊल टेकताना थोडे आत झुकते, ते सगळ्यांचेच. त्यामुळे जमिनीचा दणका जिरतो. काहींचे ते जास्त झुकते, एवढेच. आपल्याकडे शतकापूर्वीच्या धावपटूंना याची वार्ताही नव्हती. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ते पाहत होते. ना शिक्षण, ना सराव, ना बूट, आणि तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या. त्यातूनच १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचे ठरले आणि टाटांनी खर्चाला हात दिला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे. अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुल्यांची कमान कशी होती, हे कुणी मोजले असेल असे वाटत नाही.

सपाट पायाला आधी दोषी ठरवले ते सैन्याने. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांत सपाट पायाचे तरुण परत पाठवले जात. पण दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जवानांचे पाय हॅरिस आणि बीथ या दोघांनी तपासले आणि १९४७ साली निष्कर्ष मांडला, की सपाट पण लवचीक पाय हे अपंगत्व नव्हे. ताठर झालेला, दुखणारा सपाट पाय ही वेगळी गोष्ट. तो डॉक्टरांनाच दाखवावा.

मग १९७० च्या दशकात अमेरिकेत हौशी धावण्याची लाट आली. नोकरदार माणसे डांबरी रस्त्यांवर धावू लागली आणि गुडघे, नडग्या धरून दवाखान्यात येऊ लागली. १९७८ साली ओरेगॉनच्या स्टॅन्ली जेम्स यांनी सहकाऱ्यांसह अशा जखमी धावपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिकांची पावले आत झुकणारी निघाली. झाले, गुन्हेगार सापडला! पण दवाखान्यात न आलेल्या, धडधाकट धावणाऱ्यांपैकी कितीजणांची पावले तशीच झुकतात, हा प्रश्न मागेच राहिला.

बूट कंपन्या मात्र थांबल्या नाहीत. १९७७ सालीच ‘ब्रूक्स’ने ‘व्हँटेज’ या बुटाच्या आतल्या बाजूला पाचर बसवली होती. पुढे तळात आतल्या अंगाला कठीण फोमचा करड्या रंगाचा ठोकळा, टाचेला ताठ कवच, सरळ साचा आणि रुंद बूड असा ठरीव घाट झाला. १९९२ साली आलेल्या अशा एका बुटाचे नाव ‘बीस्ट’, म्हणजे जनावर. पायात घालून पाहिलात, तर नाव का दिले ते लगेच कळते.

खरी परीक्षा झाली ती बऱ्याच उशिरा. अमेरिकन सैन्याच्या तीन दलांत हजारो नव्या जवानांपैकी काहींना तळव्याची कमान पाहून बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. २००९-१० मध्ये निकाल आले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना साधे बूट देऊन वर्षभर पाहिले. २०१४ सालच्या त्या अहवालात आत झुकणाऱ्या पावलांना जास्त इजा झालेली दिसली नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावपटूंना, कोणता बूट आहे हे न सांगता, दोन प्रकार वाटले. २०१६ च्या त्या अभ्यासात मोशन कंट्रोल घातलेल्यांना इजा कमी झाल्या, आणि तो फायदा मुख्यतः आत झुकणाऱ्या पावलांच्या लोकांना झाला. म्हणजे हे बूट थोतांड नाहीत. पण २०२२ साली ‘कॉक्रेन’ने सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा पायाचा प्रकार पाहून बूट दिल्याने इजा टळतात याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

आणि आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट. खाली दक्षिणेला मणिपालच्या डॉक्टरांनी, राव आणि जोसेफ यांनी, २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. १९९२ साली त्यांनी लिहिले, की पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत फक्त २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सर्वांत जास्त, चपला-सँडलमध्ये त्याहून कमी. आजी पोरांना अंगणात अनवाणी सोडायची, ते तिला पैशाअभावी करावे लागत असेल. पायांचे मात्र भलेच झाले.

त्या मुलाला मी एवढे सगळे ऐकवले नाही. त्याला विचारले, नडगी केव्हापासून दुखते? भरतीची जाहिरात आली आणि त्याने एका आठवड्यात अंतर दुप्पट केले, तेव्हापासून. शिवाय तो रोज पाण्याच्या कडेने एकाच दिशेला धावायचा आणि येताना मित्राच्या गाडीवर बसून यायचा. आपली पुळण समुद्राकडे उतरती. उताराच्या वरच्या बाजूचे पाऊल त्यामुळे रोज जबरदस्तीने आत झुके, खालचे बाहेर. दुखत होती ती वरचीच नडगी. हाडावर एकाच ठिकाणी बोटाने दाबून कळ येते का, ते पाहिले. तशी येत असती तर धावणे थांबवून आधी डॉक्टर गाठायला लावले असते.

मग बुटाचे. मी त्याला म्हटले, दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जुने बूट बरोबर ने आणि टाच कुठे झिजली ते दाखव. ठोकळ्याचा जड बूट, हलका आधार देणारा बूट आणि साधा बूट असे तीन घाल, तिन्हींत पळून पाहा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ठोकळा तळव्याला टोचला, तर तो तुझ्यासाठी नाही. आता कंपन्याही तो ठोकळा काढू लागल्यात. ‘असिक्स’च्या १९९३ पासूनच्या ‘कायानो’मधून तो २०२३ साली गेला.

त्याने मधला घेतला, मागच्या वर्षीचा रंग म्हणून सवलतीत. उरलेले पैसे इंजिनाला गेले. अंतर त्याने निम्म्यावर आणले आणि हळूहळू वाढवले. आता तो जातानाही धावतो आणि येतानाही, आणि कधी कधी रेवदंड्याच्या रस्त्याला दिसतो.