अम्मीचं बी आणि दुपारचं ऊन

कोडावरच्या एका उपचाराचा माग काढत गेलं, की वाट त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून निघून भूमध्य सागराकाठच्या झुडपी रानात पोचते. तिथे अम्मी माजुस हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं रोप हिवाळी पावसावर वाढतं आणि उन्हाळ्यात बी धरून वाळतं. एका दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात, प्रत्येक देठावर आणखी बारीक देठांचा झुबका आणि त्यावर पांढरी इवलीशी फुलं. बी ओव्याएवढं, शिरा असलेलं.

मालागाजवळ जन्मलेला आणि 1248 मध्ये दमास्कसला वारलेला वनस्पतिज्ञ इब्न अल-बैतार याने या बियांची हकिकत लिहून ठेवली. उत्तर आफ्रिकेतल्या एका बर्बर टोळीला हे औषध ठाऊक होतं आणि तिने ते गुपित राखलं होतं. बियांची पूड मधातून घ्यायची आणि पांढरे डाग उन्हात धरायचे. माझ्या मते या कथेतला खरा शोध उन्हाचा आहे, कारण नुसत्या बियांनी काहीच होत नाही.

आपल्याकडे बावचीही याच कामासाठी फार जुन्या काळापासून वापरात आहे. कूळ वेगळं, पण द्रव्यं सख्ख्या भावंडांसारखी. बावचीतलं सोरालेन 1933 मध्ये भारतातच वेगळं केलं गेलं. 1940 च्या दशकात कैरोत फहमी आणि अबू-शादी यांनी अम्मीतून मेथॉक्सॅलेन काढलं आणि अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. हा रेणू डीएनएच्या धाग्यांमध्ये शिरून बसतो आणि अतिनील किरण पडले की दोन्ही धागे सांधून टाकतो. पेशींची बेसुमार वाढ त्याने रोखली जाते, म्हणून 1974 मध्ये अमेरिकेत मेथॉक्सॅलेन आणि दिव्याचे अतिनील किरण ही जोडी सोरायसिसवर वापरली गेली. तिलाच ‘पुवा’ म्हणतात.

पुवा दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आता बहुतेक ठिकाणी 311 नॅनोमीटरचे दिवे वापरतात, त्यांना हे औषध लागतच नाही. पण डागांवर बावचीचं तेल चोळून उन्हात बसणारे लोक अजूनही आहेत. त्याने फोड येतात, कातडी खोल भाजते. मात्रा ठरवणं डॉक्टरांवर सोडा. आणि कोड स्पर्शाने पसरत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.