कुत्र्याचे दात आणि माणसाचे नाक

राजेरजवाड्यांचा इतिहास लिहायला विद्यापीठे आहेत, लढायांचा लिहायला निवृत्त सेनाधिकारी आहेत. कुत्र्याच्या दंतमंजनाचा इतिहास मात्र बेवारस पडून आहे. दहा वर्षे ज्या खात्याकडे कोणी फिरकले नाही अशी बेवारस खाती सांभाळण्याचे काम आमच्या शाखेत माझ्याकडेच असल्यामुळे, हेही खाते मीच उघडावे असे मला वाटले. शिवाय आमच्या घरी गुंड्या आहे. गुंड्याला बेचाळीस दात आहेत. (असे पुस्तकात आहे. मोजायला तो देत नाही.)

आधी ही वस्तू काय ते सांगतो, कारण मंजन म्हटले की वाचकांचे बोट आपोआप तोंडाकडे जाते. हे मंजन घासायचे नसते. समुद्रातले शेवाळ वाळवून केलेली ही हिरवट तपकिरी पूड कुत्र्याच्या जेवणावर भुरभुरायची, आपण भातावर मेतकूट भुरभुरतो तशी. एक इवलासा चमचा डबीतच येतो. डबीची किंमत बघितली की आपल्या बत्तीस दातांपैकी काही आपोआप खिळतात.

आता आपल्याकडचा पूर्वेतिहास. आजोबांच्या पिढीत मंजन म्हणजे राखुंडी, नाहीतर कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी. आजीच्या पिढीत मिश्री. तिने दात राहिले की गेले हा प्रश्न वेगळा, पण सकाळ मात्र प्रसन्न जायची. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत विको सुरू केली तीही दातांच्या पावडरीवरच, आणि ती दारोदार फिरून विकली. या सगळ्या काळात कुत्रा अंगणात बसून माणसांचे हे थुंकणे कौतुकाने बघत होता. त्याच्या तोंडाचा वास कोणाला आला नाही, कारण त्याचे तोंड आणि घरातले नाक यांच्यामध्ये ओटी, पडवी आणि अंगण एवढे अंतर होते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, पण तीही नम्रपणे खालीच. मग चाळी गेल्या, ब्लॉक आले, कुत्रा अंगणातून सोफ्यावर आला आणि वासाचा शोध लागला.

साहेबाच्या देशात हा प्रवास शंभर वर्षे आधी झाला. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ इंग्लंडात गेला. धंदा काय, तर वीज पडू नये म्हणून घरावर लावायच्या सळ्या विकणे. बंदरावर खलाशांनी टाकलेली दगडी बिस्किटे कुत्री मिटक्या मारीत खाताना त्याने पाहिली असे सांगतात. त्यावरून त्याने गहू, भाज्या, बीट आणि मांसाचा अर्क घालून कुत्र्यांसाठी खास बिस्किटे काढली, पेटंट घेतले, आणि उमरावांच्या शिकारी कुत्र्यांना गिऱ्हाईक केले. या कंपनीच्या लंडनच्या कचेरीत १८७६ साली चार्ल्स क्रुफ्ट नावाचा एक पोऱ्या नोकरीला लागला. आमच्याच पेशातला, म्हणून मला त्याचा विशेष अभिमान. त्याने पुढे १८८६ साली कुत्र्यांचे प्रदर्शन भरवले, आणि आज जगातले सर्वांत मोठे श्वानप्रदर्शन त्याच्याच नावाने भरते. आमच्या शाखेतल्या एका पोऱ्याने फार तर गणपतीची वर्गणी गोळा केली आहे.

पुढची पायरी न्यूयॉर्कची. १९०८ साली तिथल्या बेनेट बिस्किट कंपनीने दुधाचे बिस्किट काढले आणि त्याला हाडकाचा आकार दिला. तेच पुढे मिल्क-बोन म्हणून प्रसिद्ध झाले. १९३१ साली एका बड्या बिस्किट कंपनीने बेनेटला गिळले, आणि नंतर या बिस्किटाने दात स्वच्छ होतात आणि तोंडाला वास येत नाही अशी जाहिरातही सुरू झाली. हाडकाच्या आकाराची गंमत लक्षात घ्या. बिस्किट गोल असले काय, चौकोनी असले काय, कुत्र्याला त्याचे सोयरसुतक नाही. गुंड्या तर माझी चप्पलही खातो आणि तिचा आकार हाडकाचा नाही. आकार हा पाकीट काढणाऱ्यासाठी होता.

वास विकायला माणसे शिकली तीही याच सुमारास. लिस्टरीन हे औषध १८७९ सालचे, जखमा धुवायचे. १९२० नंतर त्याच्या मालकांनी ‘हॅलिटोसिस’ हा भारदस्त शब्द जाहिरातीत घातला आणि हजारो भल्या माणसांना कळले की आपले लग्न न जमण्याचे कारण हुंडा नसून श्वास आहे. १९५० नंतर अमेरिकेत क्लोरोफिलची साथ आली. पानांचा हिरवा रंग सगळी दुर्गंधी शोषून घेतो म्हणून टूथपेस्टमध्ये क्लोरोफिल, च्युइंगगममध्ये क्लोरोफिल, आणि कुत्र्याच्या खाण्यातही क्लोरोफिल. दिवसभर हिरवे गवत खाणाऱ्या बोकडाला मग वास का येतो, असे टीकाकारांनी त्याच वेळी विचारले. उत्तर आले नाही. चार-पाच वर्षांत साथ ओसरली. बोकड अजून आहे.

या सगळ्या उलाढालीत दाताकडे कोणी पाहिले का? पाहिले होते, पण फार पूर्वी, आणि स्वतःच्या. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडदुकानदाराने १६८३ साली आपल्या दातांमधली पांढरी साय खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात असंख्य जीव वळवळत होते. साऱ्या नेदरलंड्समध्ये माणसे नसतील इतके जीव माझ्या एका तोंडात आहेत, अशा अर्थाचे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. वास या जंतूंचा. ते हिरडीखाली घर करतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी, त्यामुळे त्याच्या दातांना कीड क्वचित लागते, पण कीटण मात्र झपाट्याने चढते. हे आमच्या भाषेत सांगतो. दातावरची मऊ साय म्हणजे चालू थकबाकी; रोज ब्रश फिरवला की वसूल होते. दोनतीन दिवस सोडली की तिचे दगडासारखे कीटण होते, म्हणजे खाते बुडीत. तिथून पुढे प्रेमाचे स्मरणपत्र चालत नाही. भूल देऊन, खरवडून, हिरडीच्या आतपर्यंत वसुली करावी लागते.

गुंड्या नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचे खाते या अवस्थेला आले होते. दुपारी आई पोथी वाचायची आणि तो तिच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा, हा आमच्या घरातला अनेक वर्षांचा शिरस्ता. त्या पावसाळ्यात आईने प्रथम पदर नाकाला लावला, मग पाय काढून घेतला, आणि शेवटी “त्याला गॅलरीत ने रे बाबा” म्हणाली. गुंड्या गॅलरीच्या दारातून आत बघत बसायचा. भाकरीची कडक कड, जी तो पूर्वी आधी संपवायचा, ती ताटलीत राहू लागली होती. शेजारच्या कुलकर्ण्यांनी शेवाळाच्या पुडीची शिफारस केली. पण डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर केला, एक मिनिट पाहिले आणि म्हणाले, “वासाचं नंतर बघू. याला दुखतंय.” किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. कुत्रा दाढदुखीने कण्हत नाही. तो जेवतो, शेपूट हलवतो आणि एका बाजूने चावतो. भूल दिली, दात साफ केले, दोन दाढा काढल्या. तिसऱ्या दिवशी गुंड्याने मऊ भात बाजूला सारून आईच्या हातातली भाकरी मागितली.

पूड त्यानंतर आली. ती थोतांड आहे असे मुळीच नाही. समुद्रशेवाळाला घराणे आहे. १८११ साली फ्रान्सात कुर्त्वा नावाचा कारखानदार नेपोलियनच्या दारूगोळ्यासाठी शेवाळाच्या राखेतून सोरा काढण्याच्या खटपटीत होता. त्यात आम्ल जरा जास्त पडले, जांभळी वाफ निघाली आणि आयोडीन सापडले. स्कॉटलंडच्या नॉर्थ रोनाल्डसे बेटावर १८३२ साली बेटाभोवती भिंत घालून मेंढ्या किनाऱ्याच्या बाजूला ठेवल्या. तिथल्या मेंढ्या शेवाळावरच जगतात. आपल्या डबीतले शेवाळ उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचे, नाव ॲस्कोफायलम नोडोसम. स्वीडनमध्ये त्याचे दंतचूर्ण झाले. ते घासून नव्हे तर पोटात जाऊन, लाळेवाटे काम करते असे मानतात. १९९७ पासून अमेरिकेत पशुवैद्यक दंततज्ज्ञांची एक परिषद असल्या मालाच्या चाचण्या तपासून शिक्का देते, हेही बरे झाले; बोकडाच्या वेळी ती नव्हती.

हे शेवाळ घातलेल्या खाऊची २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ६० घरगुती कुत्री, ९० दिवस. निम्म्यांना शेवाळाचा खाऊ, निम्म्यांना तसाच दिसणारा साधा. शेवाळवाल्यांच्या दातांवर साय कमी, कीटण कमी, तोंडातले गंधकी वायूही कमी. ९० दिवस वाचून मी सरसावून बसलो, कारण आमच्याकडेही हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए. आणि कारकुनाच्या सवयीने ताळेबंदाची पहिली ओळ वाचली. चाचणी सुरू करण्यापूर्वी सगळ्या कुत्र्यांचे दात डॉक्टरांकडून साफ करून घेतले होते. म्हणजे आरंभीची शिल्लक शून्य. पुडीने नवी थकबाकी होऊ दिली नाही. जुनी वसूल करण्याची गोष्ट त्यात कुठेच नाही, आणि डबीवरच्या हसऱ्या कुत्र्याच्या चित्रात तर नाहीच नाही. कुलकर्ण्यांना मी हे जिन्यात सांगितले. ते म्हणाले, “पण वास गेला ना आमच्या ब्रूनोचा?” ब्रूनोचा ओठ वर करून पाहा, एवढेच मी म्हणालो. ते अजून पाहतात.

गुंड्याला आता रोज ब्रश आणि वर इवलासा चमचा पूड. ब्रश करताना तो माझ्याकडे वसुली अधिकाऱ्याकडे पाहावे तसा पाहतो. परवा आईने चष्मा लावून डबीवरची बारीक अक्षरे संपूर्ण वाचली.

“यात आयोडीन आहे म्हणे. थायरॉइड असेल तर डॉक्टरांना विचारून द्यावे.”

“हो.”

“मग मला चालणार नाही.”

“आई, ती गुंड्याची आहे.”

“मग माझ्या गोळ्यांच्या डब्यात कशाला ठेवलीस?” असे म्हणून तिने डबी उचलली आणि मेतकुटाच्या बरणीशेजारी ठेवली. गुंड्या तिच्या पायावरून उठलाही नाही.