चुन्याचे हात

वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे अभ्यासकांना परिचित आहेत. त्या काळच्या साध्या, नुसता चुना दिलेल्या भिंतींविषयी मात्र आपला इतिहास फारसे बोलत नाही.

सातारा-सांगलीकडे चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विरवून, गाळून तिच्यात डिंक घालीत. चिमूटभर निळीने पांढरा उजळे. पिवडीने पिवळा, कावेने तांबूस रंग येई. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि मातीचे रंग धरून ठेवतो. पण ओला असताना तोच चुना कातडी खातो. छताला देताना डोळ्यांत उडतो.

हे सोसणारे कोण? भट्टी लोणाऱ्यांची. गावकुसाची, चावडीची डागडुजी वतनी काम म्हणून महारांकडे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, तरी कष्ट मजुरीच्या रूपाने उरले. माझी आजी वाड्यांना चुना द्यायला जाई. काम चालू असेतो तिला सोप्यात वावरता येई. भिंत वाळली की मजुरी उंबऱ्याबाहेरून घ्यावी लागे.

गावठाणाला आपण ‘पांढरी’ म्हणतो. ज्या हातांनी पांढरीच्या भिंती उजळल्या, त्यांची वस्ती पांढरीबाहेर होती.

आज जुने वाडे पडत आहेत. पोपडे सुटलेल्या भिंतीत निळा, पिवळा, तांबडा असे थर दिसतात. विद्यार्थ्यांनी ते थर नोंदवावेत. आणि ते देणाऱ्या म्हाताऱ्या बायांची नावेही त्याच वहीत लिहावीत.