सुट्टीतल्या पट्टीपासून ट्विन ब्लॉकपर्यंत

डेन्मार्कचे दंतवैद्य विगो आंद्रेसन यांच्या मुलीच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या. १९०८च्या सुमारास ती उन्हाळी सुट्टीला निघाली, तेव्हा वडिलांनी तारा काढून एक सैल पट्टी दिली; झालेलं काम बिघडू नये एवढ्यासाठी. पट्टीची कड अशी बेतली होती, की तोंड मिटताना खालचा जबडा थोडा पुढे यायचाच. सुट्टी संपली तेव्हा खालचे दात पुढे येऊन वरच्यांशी जुळू लागले होते. पुढे ऑस्लोत आंद्रेसन आणि कार्ल हॉयप्ल यांनी त्यावर पद्धतच उभी केली आणि या साधनाला ॲक्टिव्हेटर हे नाव रूढ झालं.

अडचण एकच. ॲक्टिव्हेटर म्हणजे वरच्या-खालच्या दातांमध्ये बसणारा सलग ठोकळा; तो तोंडात ठेवून ना नीट बोलता येई, ना जेवता. त्यामुळे तो लावायचा बहुधा रात्री.

ती अडचण स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी दूर केली. १९७७मध्ये त्यांच्याकडे आलेला मुलगा पडला होता आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला होता. दात परत बसवला, पण वरचे दात ९ मिलिमीटर पुढे. खालचा ओठ त्यांच्यामागे अडके आणि जखमी दाताला सारखा ढकले. क्लार्कनी वरच्या आणि खालच्या दातांसाठी दोन वेगळ्या प्लेट्स केल्या. दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की उतारावरून जबडा पुढे सरके. नऊ महिन्यांत ९चे ४ मिलिमीटर झाले. हाच ट्विन ब्लॉक. तो जेवतानाही तोंडात राहतो.

याने जबडा हवा तेवढा वाढतो, असा दावा मात्र कुणी करू नये. बराचसा फरक दात कलल्यामुळे पडतो, हाडाची वाढ थोडीच. पण पुढे आलेले दात पडण्या-धडपडण्यात तुटायचा धोका घटतो, आणि खेळत्या पोरासाठी ही मोठी गोष्ट आहे.

ट्विन ब्लॉक बनवायला लागतं काय? दातांचं माप, मेणावर घेतलेला चावा, प्लास्टरचा साचा, तार आणि ॲक्रिलिक. म्हणूनच हे साधन मोठ्या शहरापुरतं राहिलं नाही. पाथरीच्या मुलाला परभणीचं दंत महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे. अडतं ते वेळेवर: पालक अनेकदा दहावी होईपर्यंत थांबतात. तोवर या साधनाला साथ देणारा वाढीचा जोर बहुधा ओसरलेला असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो, त्यामुळे मुलीला दहाव्या-अकराव्या वर्षीच दाखवून आणायला हवं.