आदिवासी व विमुक्त समाजांतील तंबाखूमुक्ती (धाराशिव जिल्हा)

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील पारधी, बंजारा आदी समाजांमध्ये तंबाखूची सवय सोडवणे हा आरोग्याइतकाच कुटुंबव्यवस्थेचा आणि रोजगाराचा प्रश्न आहे. तंबाखू सोडणाऱ्याला पैशांच्या रूपाने बक्षीस देणे आणि त्याच्या घरातील व्यक्तीला त्या प्रयत्नात सामील करून घेणे, अशा दोन उपायांचा अभ्यास जगातील काही मूलनिवासी समाजांत झाला आहे. हे प्रयोग प्रामुख्याने धूम्रपानाभोवती रचलेले आहेत. महाराष्ट्रात मात्र तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा ती खाणारे व दातांना लावणारे कितीतरी अधिक आहेत. त्यामुळे हे उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

समाज व लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम दोन टक्के होते. गडचिरोलीत ते सुमारे ३९ टक्के होते. महाराष्ट्रातील घटनात्मक अनुसूचित क्षेत्रांत धाराशिवचा समावेश नाही. येथील आदिवासी वस्त्या विखुरलेल्या व लहान असल्याने त्या सरकारी योजनांच्या नजरेतून सहज निसटतात.

पारधी समाज हा मूळचा शिकारीवर जगणारा. ब्रिटिश काळातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने त्याच्यावर बसलेला शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. व्यवहारात तो लवकर पुसला गेला नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. उमरग्यासारख्या सीमेवरील तालुक्यात त्यामुळे एकाच समाजाच्या दोन तांड्यांना लागू होणाऱ्या योजना वेगवेगळ्या असू शकतात.

सेवनाचे प्रकार

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०१६-१७) महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये धूम्रपान १.४ टक्के एवढेच होते, पण एकूण सेवन १७.१ टक्के होते. केवळ बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवल्यास बहुतेक स्त्रिया त्यातून आपोआप वगळल्या जातील.

पुरुष चुना लावून मळलेली तंबाखू गालात किंवा ओठाखाली धरतात. चुना केवळ चवीसाठी नसतो. त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटीन मुक्त होऊन तोंडाच्या अस्तरातून वेगाने रक्तात जाते. अलास्कातील मूलनिवासींच्या ‘इकमिक’ या चघळण्याच्या तंबाखूत झाडावरील बुरशीची राख मिसळतात, तीही हेच काम करते. स्त्रियांमध्ये मिश्री, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, दात व हिरड्यांना लावण्याची चाल आहे. दातदुखी थांबते, पोट साफ होते या समजुतीने ती सुरू होते आणि पुढे दिवसातून अनेकदा लागते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

कुटुंबाची भूमिका

कुटुंब हा आधार आहे तसा सवयीचा उगमही आहे. मिश्रीची डबी घरात सर्वांच्या हाताशी असते. मुलगी ती आईकडून किंवा आजीकडून उचलते. वडीलधाऱ्यांसाठी टपरीवरून पुडी आणण्याचे काम लहान मुलांकडे असते. भेटीगाठीत तंबाखू पुढे करणे हा आदराचा भाग मानला जातो आणि ती नाकारणे काहीसे तुसडेपणाचे ठरते. अशा घरात एकट्याने सवय सोडणे कठीण जाते.

तरीही ‘घरच्यांनी साथ द्यावी’ एवढा उपदेश पुरेसा नाही. जोडीदाराचा आधार वाढवण्याच्या प्रयोगांच्या २०१८ मधील कॉक्रेन आढाव्यात धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण त्याने वाढल्याचे दिसले नाही. आर्थिक बक्षिसांविषयीचा पुरावा याहून भक्कम आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्यांतील २१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून, बक्षीस मिळणाऱ्या गटात दीर्घकाळ धूम्रपानमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले आणि बक्षीस थांबल्यानंतरही परिणाम टिकला. अलास्कातील मूलनिवासींसाठी आखलेल्या ‘अनिकसाक’ (अर्थ : श्वास घेणे) या चाचणीत दोन्ही धागे एकत्र आणले गेले. तिच्या एका गटात कोणालाच बक्षीस नव्हते, तर दुसऱ्या गटात धूम्रपान सोडणाऱ्याबरोबर त्याला साथ देणाऱ्या नातेवाइकालाही बक्षीस देण्याची योजना होती.

ऊसतोड आणि ‘कोयता’

बंजारा तांड्यांसह जिल्ह्यातील अनेक गावांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ मानतात. मुकादम उचल देतो ती या जोडीच्या नावावर. पहाटेपासून चालणाऱ्या कामात भूक व थकवा मारण्यासाठी तंबाखूचा आधार घेतला जातो. अलास्कात संशोधकांना ज्या जोड्या मुद्दाम बांधाव्या लागल्या, त्या येथे कामाच्या व्यवस्थेनेच बांधलेल्या आहेत.

अडचणही येथेच आहे. सहा महिन्यांचा पाठपुरावा करायचा तर निम्मा काळ माणसे फडावर असतात. आशा कार्यकर्ती, उपकेंद्र व गावातील बचत गट मागे राहतात. स्वतःचे पैसे आधी अडकवायला लावणाऱ्या योजना तर उचलीखाली असलेल्या कुटुंबांना परवडणाऱ्या नाहीत. अमेरिकेतील २०१५ च्या एका चाचणीत निव्वळ बक्षिसाची योजना सुमारे ९० टक्के लोकांनी स्वीकारली, पण आधी स्वतःची ठेव भरण्याची अट असलेली योजना सुमारे १४ टक्क्यांनीच स्वीकारली. फिलिपिन्समधील मिंदानाव बेटावरील ठेव योजनेतही बहुतेकांनी ठेव उघडली नाही.

पडताळणी

बक्षीस द्यायचे म्हणजे सवय सुटल्याची खात्री करावी लागते. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची स्वस्त चाचणी केवळ अलीकडचे धूम्रपान पकडते. मिश्री किंवा चुना-तंबाखू तिला दिसत नाही. लाळेतील वा लघवीतील कोटिनीन दोन्ही प्रकार दाखवते, पण निकोटीनचा च्युइंगम उपचार म्हणून घेणाऱ्यालाही दोषी ठरवते. तंबाखूतील ॲनाबेसिन हा घटक तपासल्यास हा गोंधळ टळतो, मात्र त्यासाठी प्रयोगशाळा लागते. घरच्या माणसाची साक्ष ही सर्वांत सोपी पडताळणी असली, तरी त्यालाही बक्षीस मिळणार असेल तर ती साक्ष पुरेशी मानता येत नाही.

महाराष्ट्रातील उपक्रम

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने राज्य शासन व टाटा ट्रस्टच्या सहभागाने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालवला आहे. त्यात बक्षिसापेक्षा गावाच्या सामूहिक निर्णयावर, विक्री बंद करण्यावर आणि स्त्रियांच्या पुढाकारावर भर आहे. धाराशिवच्या विखुरलेल्या वस्त्यांत हा मार्ग अधिक अवघड आहे, कारण तेथील दुकाने सहसा दुसऱ्याच समाजाची असतात.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. २००७-०८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात समुपदेशन व उपचार मिळतात; रोख बक्षीस हा त्याचा घटक नाही. पैसे थेट खात्यात देण्याची वाट आरोग्य खात्याला नवी नाही. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णांना २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये उपचारकाळात मिळतात. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो, तेव्हा ही दोन कामे एकाच उपकेंद्रातून होऊ शकतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.