थीब्जच्या थडग्यांतील न्हावी

मृत मनुष्याच्या चिरनिवासांत न्हाव्याचें काय काम? मिसर देशांत नाईलच्या पश्चिम तीरावर, जुन्या थीब्ज नगरासमोरच्या शेख अब्द अल्-कुर्ना या टेकडीवर, उसरहात नामक राजलेखकाचें थडगें आहे. तेथील रंगीत भिंत पाहतांना हा प्रश्न हटकून पडतो. दुसऱ्या आमेनहोतेप राजाच्या कारकीर्दींत, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० च्या थोडें आधीं, ती चितारली गेली.

उसरहातच्या पदव्यांत भाकरींची मोजदाद ठेवणारा लेखक अशी एक पदवी आहे. सैन्यांत नव्यानें भरती झालेल्यांना शिधा वाटला जात असल्याचें दृश्यही त्याच्या थडग्यांत आहे. म्हणून भिंतीवर रंगरूट आले, आणि रंगरुटांमागोमाग न्हावी आला. झाडाच्या सावलींत तो एकाचें डोकें भादरीत आहे. बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत बसले आहेत. एकाची मान पुढें लवली आहे. त्याला चक्क डुलकी लागली आहे!

मिसरी चित्रकार मोठ्या माणसांच्या बाबतींत रूढीनें बांधलेला असे. तोंड एका बाजूस, खांदे समोर, मुद्रा निर्विकार. याच थडग्यांत रथांतून हरणांची शिकार करणारा उसरहात पाहावा. डौल आहे, वेग आहे. पण तो गृहस्थ दमला आहे कीं नाहीं, हें कांहीं केल्या कळत नाहीं. निनांवी रंगरुटांना ही बंदी नव्हती. कंटाळा, पेंग, ताटकळणें हें सारें त्यांच्या वाट्याला आलें, आणि म्हणूनच तीं माणसें आज ओळखीचीं वाटतात.

राजघराण्यांतील केशभूषेचें एक दृश्य याहून सुमारें सहा शतकें जुनें आहे. देर अल्-बहारी येथें मिळालेली कावित राणीची दगडी शवपेटी कैरोच्या संग्रहालयांत आहे. तीवर दासी राणीच्या बटा नीट करीत असल्याचें कोरलें आहे. राणीच्या एका हातांत आरसा, दुसऱ्यांत पेला. काम घटकेचें, पण थाट असा कीं ती कधीं उठणारच नाहीं!

पुढें कित्येक शतकांनीं उसरहातच्या थडग्यांत ख्रिस्ती वैराग्यांनीं वस्ती केली. भिंतींवरील अनेक स्त्रीचित्रें त्यांना खपलीं नाहींत. तीं त्यांनीं नष्ट केलीं. न्हाव्यावर कोणाचा राग असणार? तो वाचला, आणि त्याच्यापुढें ताटकळणारे रंगरूटही.